किरकिर मॉडेलची नव्हे: डिजिटल अ‍ॅम्पवरच्या चार आरोपांना उत्तर

गिटार रेकॉर्ड करणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गाभा असा: ‘डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलिंगमधून (म्हणजे सॉफ्टवेअरने केलेल्या अ‍ॅम्पच्या नकलेतून) नैसर्गिक टोन येणं शक्य नाही. वरच्या पट्टीत किरकिर असते, बोटांना प्रतिसाद मिळत नाही, आवाज उशिरा पोचतो आणि अ‍ॅम्प खोलीत घुमतो तसं काही घुमत नाही. ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा) घ्या, माइक लावा, विषय संपला.’

या चारही तक्रारी मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे त्या खोट्या म्हणणार नाही. पण आरोपी भलताच पकडलाय. दोष बहुतेक वेळा मॉडेलच्या आधी असतो किंवा नंतर.

आधी किरकिर. गिटार अ‍ॅम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. डिस्टॉर्शनमधून निघणारे टोकदार हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तो गिळून टाकतो. स्पीकर टाळून थेट रेकॉर्ड केला तर ट्यूब अ‍ॅम्पसुद्धा डब्यात कोंडलेल्या माशीसारखा वाजतो. मॉडेलिंगमध्ये स्पीकरचं हे काम आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स करतो. त्यात कॅबिनेट, स्पीकर, माइक आणि माइकची जागा हे सगळं एकत्र गोठवलेलं असतं. यातली जागा सर्वांत महत्त्वाची. एसएम५७ हा माइक स्पीकरच्या मधल्या गोल टोपीसमोर धरला तर आवाज टोचतो. दोन-चार सेंटीमीटर कडेला सरकवला की तोच आवाज मवाळ होतो. आणि आपण करतो काय, तर पहिला हाताला लागेल तो आयआर लावतो आणि मग तासभर ट्रेबलच्या नॉबशी झुंजतो. अ‍ॅम्पचं मॉडेल बदलण्याआधी आयआर बदला. एवढं करूनही टोचलं तर ८ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास लो-पास फिल्टर (त्याच्या वरचं कापणारा) लावा.

या मुद्द्यात एक खरी डिजिटल खोट आहे, ती मान्य करायला हवी: एलियसिंग. सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ असेल तर त्याच्या निम्म्या, म्हणजे २४ च्या वर जाणारे हार्मोनिक्स उलटे वळून खाली येतात आणि सुराशी नातं नसलेल्या जागी उमटतात. जास्त गेनवर (सिग्नल जास्त वाढवून) वरच्या तारेवर बेंड घेऊन बघा. सूर चढत असताना मागे एखादी बारीक शिट्टी उतरत असेल तर ती हीच. प्लगइनमध्ये (मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ओव्हरसॅम्पलिंगचा, म्हणजे आत जास्त सॅम्पल रेटने काम करण्याचा, पर्याय यासाठीच असतो. रेकॉर्ड करताना नसला तरी अंतिम बाउन्सच्या (शेवटची फाइल तयार करण्याच्या) वेळी तो चालू करा.

बोटांना प्रतिसाद न मिळण्याची तक्रार मला सर्वांत जवळची, कारण मी कित्येक महिने गिटार चुकीच्या इनपुटात खुपसून प्लगइनला शिव्या घालत होतो. पॅसिव्ह पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारा गिटारवरचा भाग, ही मुळात तारेची गुंडाळी. केबलच्या कपॅसिटन्सबरोबर तिचा साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या दरम्यान एक उंचवटा तयार होतो आणि गिटारची चमक त्यातच असते. अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) साधारण १ मेगाओहम असतो, लाइन इनपुटचा बऱ्याचदा १० किलोओहमच्या घरात. लाइनमध्ये जोडलं की तो उंचवटा सपाट होतो, आणि मग पुढे काहीही लावा, गिटार ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. इंटरफेसवर (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर) ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण दाबा.

त्यानंतर पातळी. ‘मीटर भरेपर्यंत गेन वाढवा’ हा सल्ला जुन्या काळचा आहे; २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये त्याची गरज नाही. मॉडेलला ठराविक पातळीचा सिग्नल अपेक्षित असतो. तुम्ही दुप्पट ढकललात तर त्याला वाटतं भलताच तगडा पिकअप लावलाय. मग गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी टोन साफ होत नाही आणि आपण म्हणतो, मॉडेलमध्ये जीव नाही! इंटरफेसचा गेन तळाशी ठेवून सुरुवात करा आणि प्लगइनच्या माहितीपत्रकात अपेक्षित पातळी दिली असेल तर तिच्याशी जुळवा.

उशिराचा मुद्दा झटकन. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाणं, येणं आणि कन्व्हर्टर धरून आकडा वाढतो, हे खरं. पण आवाजाला हवेतून ३ मीटर कापायला जवळजवळ ९ मिलिसेकंद लागतात, आणि अ‍ॅम्पपासून तेवढ्या लांब उभं राहून वाजवताना कुणी कुरकुरत नाही. १०२४ चा बफर ठेवून वाजवत असाल तर मात्र दोष सेटिंगचा.

राहता राहिलं खोलीतलं घुमणं. आवडत्या रेकॉर्डवरही ते बहुधा नसतंच. तिथे स्पीकरच्या कापडाला जवळजवळ चिकटलेल्या माइकने टिपलेला आवाज असतो. तुलना रेकॉर्डशी करा, सरावाच्या खोलीशी नको. शिवाय हळू आवाजात कानाला खालच्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. रात्री हेडफोनवर हळू आवाजात बेस आणि ट्रेबल चढवून बसवलेला टोन सकाळी मोठ्याने ऐकला की ढबढबतो आणि टोचतो. टोन बसवताना ड्रम आणि बेस चालू ठेवा, गेन वाटतो त्याच्या निम्म्यावर आणा, छोट्या खोलीचा रिव्हर्ब किंचित मिसळा. दोन बाजूंना दोन गिटार हव्या असतील तर एकच टेक कॉपी करू नका, दोनदा वाजवा.

एका ठिकाणी मात्र तो मजकूर बरोबर आहे. सूर लांबवत नेऊन फीडबॅकमध्ये सोडायचा असेल तर स्पीकरच्या आवाजाने तारा हलाव्या लागतात, आणि हेडफोनमध्ये ते होत नाही. तसा भाग आला की मी हेडफोन काढतो, मॉनिटरचा आवाज वाढवतो आणि गिटार घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो. मॉडेल तेच असतं, सूर धरून राहतो.