पुस्तकं कुलपात, पोर्शन वेळेत

सर, बाई, गणित-विज्ञानाच्या तासाला मुलांनी अवांतर वाचावं अशी टूम पुन्हा निघाली आहे. घाबरू नका. सांगली-साताऱ्याकडे यावर जुना बंदोबस्त आहे, तेवढा पाळला तरी पुरे.

पहिलं म्हणजे कपाट. विज्ञानाची पुस्तकं डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, चढवा. पान फाटलं तर भरपाई आपल्या पगारातून, या भीतीनं निम्मं काम होतं. किल्ली क्लार्ककडे द्या आणि क्लार्कला शिक्षण विभागाच्या फेऱ्यांवर ठेवा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, असं वर्षातून दोनदा कपाट उघडावं. पुस्तकं मुलांच्या हातात द्यावीत, फोटो ग्रुपवर टाकावा, पुस्तकं मोजून परत घ्यावीत. कुणी उलटं धरलं असेल तर फोटो पुन्हा काढावा.

खरा धोका मात्र रद्दीत आहे. जुलै-ऑगस्टचा पेपर वर्गात येऊच देऊ नका. ‘कोयनेतून ५० हजार क्युसेक विसर्ग’ या एका ओळीत अख्खा तास बुडतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणलं की ४३२ कोटी घनफूट, म्हणजे ४.३२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). इथं थांबेल ते पोर कसलं? धरण १०५ टीएमसीचं, मग याच हिशेबानं रिकामं व्हायला किती दिवस? चोवीसच्या वर. आणि वरून पाऊस चालूच असेल तर? तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी सांगलीचा आयर्विन पूल काढतो, जिथं कृष्णेची पातळी मोजतात: इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. रात्री ३६ होतं, सकाळी ३८, तर ४५ कधी? तुम्ही त्रैराशिक मांडता आणि फसता. पात्र वर रुंद होत जातं, धरणातून सोडलेलं पाणी पोचायला वेळ घेतं, आणि खाली हरिपूरच्या संगमावर वारणा भरून आली की कृष्णा मागे तुंबते. ज्याच्या घरात २०१९ला पाणी शिरलं होतं, त्याला हे सगळं ठाऊक असतं. गाईडमध्ये उत्तर नसतं. अशा वेळी फळ्यावर ‘स्वाध्याय ३, प्रश्न १ ते ५’ लिहून मोकळं व्हावं.

वरून आदेश आलाच आणि वाचन द्यावंच लागलं, तर वीस पानं द्या, शुक्रवारी द्या, स्वतः आधी वाचू नका आणि सोमवारी दहा ओळींत सारांश मागा. गुण पाच. मुलं मधल्या दोन ओळी उतरवून आणतात, विषय संपतो. चुकूनही दोनच पानं देऊ नका. त्याआधी एक प्रश्न फळ्यावर लिहून ‘उत्तर कुठं सापडतंय बघा’ म्हणालात, आकडा आला की एककासकट अधोरेखित करायला लावलंत, तर दहा मिनिटांत पोरं वाचून मोकळी होतात आणि उरलेला वेळ तुमच्यावर येतो. गणिताचा उतारा तर गोष्टीसारखा भराभर वाचून घ्यावा. दर ओळीला थांबून पुढची पायरी कागदावर करू दिली, तर त्यांना तो समजेल.

हळदीपासूनही सावध राहा, सांगलीत तर ती पोत्यांनी आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे एखादी मुलगी वाचते, घरी करून बघते आणि दुसऱ्या दिवशी विचारते, ‘बाई, लिंबू पिळल्यावर परत पिवळा का झाला?’ साबण आम्लारिधर्मी, लिंबू आम्ल, एवढं एका वाक्यात सांगता येतं. सांगू नका. उद्या ती सोडा घेऊन येईल, परवा चुना. ‘परीक्षेला लिटमस येतो, हळद नाही’ हे उत्तर आजवर वाया गेलेलं नाही.

एवढं करूनही एखादं पोर वाचत राहिलंच, तर त्याला कपाटप्रमुख करा. धूळ झटकणं, पुस्तकं मोजणं, डांबरगोळ्या बदलणं यात त्याचा वेळ छान जातो. फक्त किल्ली त्याच्याकडे मुक्कामी राहू देऊ नका.