नाकाची मापं

घरात शिवणाचं मशीन आहे ही गोष्ट दागिन्यांइतकीच लपवून ठेवावी, असं माझं २०२० पासूनचं ठाम मत आहे.

त्या वर्षी ८ एप्रिलला मुंबई महापालिकेनं मास्क सक्तीचा केला. केमिस्टकडचे मास्क संपलेले. एन-९५ डॉक्टर-नर्सना लागतात, आपण घरीच सुती कापडाचे शिवा, असं सरकार सांगत होतं. 'आपण' म्हणजे आमच्या मुलुंडच्या अख्ख्या इमारतीत मी एकटी! पायमशीन फक्त माझ्याकडे, आणि त्याची घरघर खाली वॉचमनपर्यंत जाते.

कापडाची ददात नव्हती. सासूबाईंच्या एका सुती नऊवारीत आमची अख्खी विंग झाकली जाते. खरी टंचाई इलॅस्टिकची. आधी फिटेड चादर उसवली, मग लेकीच्या लेगिंग्ज, मग ह्यांच्या बर्म्युडा. महिनाअखेरीस घरातली माणसं एक हात कमरेवर ठेवून हिंडू लागली. नाकावर बसवायला तार हवी, ती चिरंजीवांनी भूगोलाच्या स्पायरल वहीतून स्वखुशीनं काढून दिली. इतक्या आनंदानं त्यानं भूगोलाला कधी हात लावलेला नव्हता.

मग सुरू झाली गिऱ्हाईकं. मास्क फुकटचा, पण नखरे लग्नातल्या ब्लाउजचे. माप घ्यायचं तेही लांबून! मी दारातून टेप फेकायची, समोरच्या काकांनी स्वतःच मोजून आकडा ओरडायचा.

"नाक ते हनुवटी, पाच इंच!"

"साडेपाच धरा हो," आतून काकूंचा आवाज, "हनुवट्या दोन आहेत."

सेक्रेटरींना घट्ट शिवला तर मिशा दुमडायच्या, सैल शिवला तर मास्क गळ्यात. शेवटी त्यांनी गळाच पसंत केला आणि त्याच अवतारात 'मास्कशिवाय लिफ्टमध्ये प्रवेश नाही' ही नोटीस चिकटवली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या भाचीचं लग्न होतं, पन्नास माणसांच्या परवानगीतलं. त्यांना पैठणीच्या काठाचा हवा होता. "दोन्ही मोर समोरासमोर आले पाहिजेत हं!" आता मोर समोरासमोर आणायचे तर मधे नाक येतं, याला मी काय करणार?

शिवून भागत नव्हतं, धुणंही होतंच. मास्क प्रेशर कुकरमध्ये, पाण्यात मीठ घालून दहा मिनिटं उकळा, असं सरकारी पुस्तिकेत छापलेलं. मी कुकर काढला मात्र, सासूबाई देवघरातून उठून आल्या.

"नैवेद्याचं वरण शिजतं त्या कुकरात सगळ्यांच्या तोंडची फडकी?"

"आई, सरकारनं सांगितलंय."

"सरकार जेवायला येणारे का आपल्याकडे?"

मास्क पातेल्यात उकळले. मीठ किती, ते पुस्तिकेत नव्हतं. मी चवीपुरतं घातलं.

२०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यात मास्क ऐच्छिक झाला. मशीनवर झाकण घालते न घालते तोच तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दारात. हातात पैठणीचा मास्क.

"टाकवत नाही हो, जर अजून कशी चकाकतेय बघा. मोबाइलला छोटीशी पिशवी होईल ना यातून? आणि मोर तेवढे या खेपेला समोरासमोर घ्या. आता मधे नाक नाहीये."