चितळाला 'बिचारं' म्हणणं बंद करा राव

उन्हाळा लागला की ताडोबाचे व्हिडिओ सुरू होतात. रानकुत्र्यांनी चितळ धरलंय आणि खाली कमेंट्सचा पाऊस, बिचारं, निष्पाप जीव, रडके इमोजी. आणि हीच मंडळी सफारीच्या जिप्सीत बसली की गाईडने कळप दाखवल्यावर काय म्हणतात, "अहो चितळच आहेत, घ्या पुढे गाडी". म्हणजे मेल्यावर दया आणि जिवंतपणी कोणी ढुंकून बघत नाही.

खरं सांगू का, चितळ हे बिचारं वगैरे अजिबात नाही. चांगला नर 70-90 किलोचा असतो, शिंगं जवळजवळ मीटरभर जातात. एप्रिल-मेमध्ये माजावर आला की असा खरखरीत ओरडतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं झाडीत कुठलं तरी भलतंच जनावर आहे. मागच्या दोन पायांवर उभा राहतो, मान वर ताणतो, डोळ्यापुढच्या ग्रंथीचा वास फांदीला चोळतो आणि खाली उतरून इकडे तिकडे असं बघतो की जागा त्याच्या नावावर आहे. हे बघायला पाच मिनिटं गाडी थांबवली तर काय बिघडतं? वाघ काय पळून जात नाही, आणि गेला तर तो गेल्याचं आधी कळतं ते चितळाच्या इशाऱ्यामुळेच!

अजून एक गंमत म्हणजे शिंगं दरवर्षी गळून नवीन येतात पण सगळ्यांची एकदमच नाही. एकाच कळपात एकाची शिंगं टणक, दुसऱ्याच्या शिंगांवर अजून मखमलीसारखी कातडी, तिसरा नुसताच बोडका. पिल्लंही तशीच, काही महिन्यांत जास्त दिसतात खरी पण वर्षभर कधीही होतात. साधारण साडेसात-आठ महिने गाभण राहून एकावेळी बहुतेक एकच पाडस होतं, आणि पहिले काही दिवस आई त्याला गवतात दडवून स्वतः चरायला जाते.

वानरांशी दोस्ती तर सगळ्यांना माहितीच आहे. वानरं वर बसून अर्धवट खाल्लेली पानं-फळं खाली टाकतात आणि चितळं आयतं खातात, कारण वानराइतकं नासाडी करत खाणारं दुसरं कोणी नसेल. बदल्यात वानराची नजर वरून लांब पोचते आणि चितळाचं नाक खाली काम करतं, त्यामुळे एकाने इशारा दिला की दुसरा सावध.

आता मुद्द्याचं. ज्यांना वाटतं रानकुत्रे आणि बिबटे नसते तर बरं झालं असतं, त्यांनी अंदमानकडे बघावं. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे चितळं नेऊन सोडली, बेटांवर ना वाघ ना रानकुत्रे, मग काय, वाढली, पोहत पोहत दुसऱ्या बेटांवरही पोचली आणि जंगलातली कोवळी रोपं उगवली की खाल्ली. जुनी झाडं उभी आहेत पण त्यांच्याखाली नवी येतच नाहीत. हवाईतही तेच, 1868 साली मोलोकाई बेटावर राजाला भेट आलेली चितळं सोडली, पुढे माऊईवरही नेली आणि आज तिथले शेतकरी कुंपणं घालून घालून थकलेत. म्हणजे तेच ठिपके, तेच डोळे, पण तिथे त्यांना उपद्रवी जनावर म्हणतात, बिचारं नाही!

आपल्याकडे त्याला वाघ, बिबट्या, रानकुत्रे सगळे आहेत, ताडोबा तलावात पळालं तर मगरी पण आहेत, आणि तरीही सकाळी गेटमधून आत शिरलं की सगळ्यात आधी चितळच दिसतं. याला मी तरी दुबळं म्हणणार नाही.

आणि हो, फिरताना गळालेलं शिंग दिसलं तर आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. एक तर तो गुन्हा आहे, आणि दुसरं म्हणजे साळिंदर ते कुरतडतं, चितळं स्वतःसुद्धा कॅल्शियमसाठी चघळतात.