कायदा २०१५चा, नियम २०२४चा

न्यूयॉर्कच्या पर्यावरण खात्याने पिझ्झा भट्ट्यांवर मनमानी नियम लादला, असा सूर लावणारा एक लेख वाचला; तो पटला नाही. कोळसा-लाकडावरच्या भट्ट्यांचा धूर आवरण्याचं बंधन नगर परिषदेनेच २०१५च्या स्थानिक कायदा ३८ मध्ये घातलं. तपशील ठरवण्याचं काम तेवढं खात्याकडे सोपवलं. धुरातले कण ७५ टक्के कमी करायचे, हा तो तपशील.

आणि नियमही गुपचूप होत नाही. शहराच्या सनदेप्रमाणे (शहराचा कारभार ठरवणारा मूळ कायदा) नियमाचा मसुदा सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध होतो, परिषदेच्या सदस्यांना त्याची प्रत जाते. ज्यांच्या टेबलावर ती येऊन पडली, त्यांच्यापैकी कोणी नंतर ‘आम्हाला कुठे विचारलं’ म्हटलं, तर ते जरा अतिच होईल. (किती जण ती उघडून बघत असतील, देव जाणे.)

माझा राग वेगळाच आहे. नियम लागू झाला एप्रिल २०२४ मध्ये! मधली नऊ वर्षं खातं काय करत होतं, हे परिषदेच्या समितीने अधिकाऱ्यांना समोर बसवून दरवर्षी विचारायला हवं होतं. देखरेख म्हणजे खात्याला आवरणंच नव्हे, ढिलाई केली तर हलवणंही. पुढच्या वेळी कायद्यातच नियमाची मुदत घाला आणि ती टळली की सुनावणी लावा.