पूर्वमंजूर माणसाने कसं वागावं

ठाणे स्टेशनच्या फलाटावर लोकल शिरत असताना हमखास बँकेच्या क्रेडिट कार्डाचा तो फोन येतो. उचला. लोकल काय, पुढची मिळेल. पण 'सर, तुम्ही प्री-अप्रूव्ह्ड आहात' असं दुसरं कोण म्हणणार आहे? घरात आपण आणलेली मेथीची जुडीसुद्धा मंजूर होत नाही.

कार्ड 'लाइफटाइम फ्री' असतं. कोणाच्या लाइफटाइम, हे विचारून फोनवरच्या त्या मुलीचा हिरमोड करू नका. मंजुरी झालेलीच असते, फक्त पगाराच्या तीन स्लिपा, पॅन, आधार आणि एक सेल्फी तेवढी पाठवायची. मी पाठवली. पंधरा दिवसांनी 'अंतर्गत धोरणानुसार' अर्ज नामंजूर. म्हणजे आधी पूर्वमंजूर, मग उत्तरनामंजूर. वर सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या पतगुणांच्या वहीत, चौकशीची नोंद पडली आणि 300 ते 900 च्या त्या शिडीवरून मी 9 पायऱ्या खाली आलो. फुकट कोण काय देतं म्हणा!

यातून शहाणे होऊ नका. व्याजाचंही मनावर घेऊ नका. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे चहापाणीच. त्याचे वर्षाला 42 होतात, पण बाराने गुणायला सांगितलंय कोणी? बिल आलं की 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढी भरा आणि राम मारुती रोडला खरेदीला जा.

रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांचे निर्देश तर चुकूनही वाचू नयेत. न मागितलेलं कार्ड देता येत नाही, तरी ते संमतीशिवाय चालू करून बिल लावलं तर आकार परत आणि वर त्याच्या दुप्पट दंड, असलं काहीबाही त्यात आहे. 30 दिवसांत कार्ड चालू केलं नाही तर बँकेने ओटीपीने संमती मागायची आणि ती मिळाली नाही तर 7 कामकाजी दिवसांत खातं विनामूल्य बंद करायचं. म्हणजे नुसतं स्वस्थ बसून काम होतं. स्वस्थ बसायला वेळ कोणाला आहे?

1909 वर डीएनडीची, म्हणजे जाहिरातींचे फोन बंद करायची, नोंदही नको. दुपार फार सुनी होते.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका बँकेचं कार्ड न मागता कुरियरने आलं. वॉचमननेच सही करून घेतलं. मी तक्रार केली, बंद झाल्याचा मेसेज आला, चिप आणि नंबर कात्रीने कापले. उरलेला तुकडा आईने पोळपाटाला चिकटलेली कणीक खरवडायला घेतला. कड अगदी बेताची आहे म्हणते. अजून एखादं आलं तर तिला ओट्यासाठी हवंय.