तळपदे, ‘मरुत्सखा’ आणि बेळगावात फिरणारा मजकूर

डिसेंबर उजाडला, राइट बंधूंच्या उड्डाणाची 17 तारीख जवळ आली, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर हमखास येतो. थोडक्यात असा: “राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, 1895 मध्ये, शिवकर बापूजी तळपदे या मराठी माणसाने मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे बिनचालकाचं विमान 1500 फूट उंच उडवलं. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते. केसरीत बातमी आली होती. विमान वैमानिक शास्त्रावरून बनवलं होतं, पाऱ्यावर चालत होतं, नासा आज तेच करते आहे. तळपदे वारल्यावर इंग्रज कंपनीने कागद विकत घेतले आणि ते राइट बंधूंच्या हाती पडले. मराठी माणूस म्हणून पाठ्यपुस्तकात नाही.” हल्ली त्याच्या शेपटाला एक जाहिरातही असते: “विमानविद्या आपल्या रक्तात आहे. कोणत्याही शाखेतून बारावी पास? सहा महिन्यांत विमान क्षेत्रात नोकरीची हमी.”

आधी खरं काय ते सांगून टाकू. तळपदे कुणी रचलेलं पात्र नाही. ते मुंबईचे, 1864 चा जन्म, 1916 मध्ये वारले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे, संस्कृतचा व्यासंग होता आणि प्राचीन विमानविद्येचा ध्यास होता. त्यांनी काही बनवून पाहिलं असेल यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या नावावर जे खपवलं जातंय त्याला.

“केसरीत बातमी आली होती.” सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू. केसरी तेव्हा दर मंगळवारी निघायचा. 1895 ची 1 जानेवारी मंगळवारीच आली होती, त्यामुळे त्या वर्षात मंगळवार 53. म्हणजे चाळायचे आहेत फार तर 53 अंक, आणि केसरीच्या जुन्या फायली पुण्यात जपलेल्या आहेत. असं असताना मजकुरात ना महिना, ना तारीख, ना कात्रणाचा फोटो. रोज सकाळी सूर्योदयाचे दहा-दहा फोटो पाठवणाऱ्या काकांना नेमकं हे एक कात्रण जोडायला जमत नाही, हे नवल आहे.

खरं तर पुरावा म्हणजे काय हे सीमाभागातल्या माणसाला शिकवायला नको. 2004 मध्ये सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला तो ‘असं आम्ही ऐकून आहोत’ म्हणून नव्हे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा, अशी एकेक कसोटी धरून, जनगणनेचे आकडे पुढे ठेवून आपली माणसं बोलत आली. महाजन अहवाल का नाकारला हे सांगताना आपल्याकडचे म्हातारे गावागावाचे आकडे काढून बसतात. समोरचा नुसता ‘इथे पूर्वीपासून असंच होतं’ म्हणाला तर आपण लगेच कागद मागतो. मग विमानाच्या बाबतीत कुणी एक तारीख मागितली तर तो मराठीचा वैरी कसा होतो?

बरं, केसरीचं नाव घेतलं की टिळक आले. 1893 मध्ये त्यांचा ‘ओरायन’ प्रसिद्ध झाला, वेदांचा काळ ज्योतिषाच्या आधाराने मागे नेणारा. 1903 मध्ये ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’. म्हणजे 1895 हे साल या दोन ग्रंथांच्या मधलं. वेदांच्या प्राचीनत्वाचाच विचार डोक्यात घोळत असलेल्या माणसाला कुणी सांगितलं असतं की आपल्या प्राचीन विद्येवर केलेलं यंत्र काल चौपाटीवर आभाळात गेलं, तर तो चार ओळींची बातमी टाकून गप्प बसला असता? मंगळवारमागून मंगळवार अग्रलेख पडले असते. इंग्रजांच्या धाकाने गप्प राहिले म्हणावं, तर हेच टिळक 1897 मध्ये केसरीतल्या लेखनापायी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले आणि 1908 मध्ये पुन्हा शिक्षा होऊन मंडालेला. धाकाची गोष्ट दुसऱ्या कुणाच्या बाबतीत सांगा.

रानडे आणि सयाजीरावांच्या हजेरीवर फार वेळ घालवायला नको. रानडे 1893 पासून मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, चौपाटीवर येणं त्यांना अवघड नव्हतं. पण येऊ शकले असते म्हणजे आले होते, असं त्यांच्याच न्यायालयात कुणी मानलं नसतं. सयाजीराव तर 1939 पर्यंत हयात होते. विमानं जगभर उडू लागल्यावरची जवळपास तीस वर्षं त्यांनी पाहिली. एवढ्या काळातला त्यांचा एखादा शब्द, एखादं पत्र मजकुरात का नाही?

1500 फूट म्हणजे कुतुबमिनारच्या सहापटीहून जास्त. ही उंची कुणी मोजली आणि कशाने, हेही मजकुरात नाही.

आता ‘राइट बंधूंच्या आधी’. हा मुद्दा मजकुरानेच घालवलेला आहे, कारण विमानात माणूस नव्हता हे तो स्वतः सांगतो. बिनमाणसाच्या यंत्रांची शर्यत लावायची तर समोर राइट येतच नाहीत. इंग्लंडच्या जॉन स्ट्रिंगफेलोचं वाफेवरचं छोटं यंत्र 1848 मधलं. अमेरिकेत सॅम्युअल लँग्लीचं बिनचालकाचं वाफेचं विमान 6 मे 1896 ला पोटोमॅक नदीवर किलोमीटरभर गेलं. याच लँग्लीने पुढे माणूस बसवून प्रयत्न केला आणि 8 डिसेंबर 1903 ला विमान नदीत कोसळलं. त्यानंतर नऊच दिवसांनी किटी हॉकजवळच्या वाळूत ऑर्व्हिल राइट 12 सेकंदांत 120 फूट गेला. त्याच दिवशीच्या चौथ्या खेपेला विल्बर 59 सेकंद हवेत राहिला, 852 फूट. पाहणारे पाच जण होते, त्यांतल्याच एकाने फोटो काढला.

तरीही वाद झालेच. फ्रान्समध्ये क्लेमां आदेरचं नाव घेतात, 1890 ची उडी. कनेक्टिकटमध्ये गुस्ताव्ह व्हाइटहेडचं, 1901. ब्राझीलमध्ये सांतोस द्युमाँ हाच विमानाचा जनक, 1906 मध्ये पॅरिसमध्ये भर गर्दीसमोर उडाला म्हणून. आणि ‘गोऱ्यांनी मिळून राइटना पुढे केलं’ म्हणणाऱ्यांना पुढची हकीकत बहुधा ठाऊक नसते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव लँग्ली होते, म्हणून त्या संस्थेने वर्षानुवर्षं लँग्लीच्या यंत्रालाच मान दिला. ऑर्व्हिल इतका चिडला की 1928 मध्ये त्याने आपलं मूळ विमान देशाबाहेर, लंडनच्या संग्रहालयात पाठवलं. 1942 मध्ये संस्थेने आपली बाजू जाहीरपणे मागे घेतली, आणि विमान मायदेशी परतलं ते 1948 मध्ये, ऑर्व्हिलच्या मृत्यूनंतर. राइटना आपल्याच देशात हक्कासाठी एवढं भांडावं लागलं आणि ते निभावलं, कारण त्यांच्याकडे वह्या, पत्रं, फोटो सगळं होतं.

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम करणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. राइटांच्या इंजिनाचं मुख्य ओतकाम अ‍ॅल्युमिनियमचं, त्यांच्या डेटन गावातल्याच फौंड्रीत झालेलं. चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने सायकलींच्या वर्कशॉपात, लेथ आणि ड्रिलच्या जोरावर, साधारण सहा आठवड्यांत ते इंजिन उभं केलं: 12 हॉर्सपॉवर, वजन 80 किलोच्या आसपास. उडणाऱ्या यंत्रात वजन आणि ताकद यांचा हिशेब बसला नाही तर बाकी सगळं फुकट, आणि तो हिशेब ओतकाम करणाऱ्याच्या, टर्नरच्या, सुताराच्या हातून जातो. असं यंत्र एकट्याने गुपचूप होत नाही. पॅटर्न कुणी केला, धातू कुठून आला, बिघडलेले जॉब किती फेकले, याच्या खुणा मागे राहतात. ‘मरुत्सखा’चा कारखाना कुठे होता? फिटर कोण होता? इंजिनाचं वजन किती? मजकुरात महाराज आणि न्यायमूर्तींना जागा आहे, एका कामगाराला नाही. मला तरी सगळ्यात खटकतं ते हे.

शिवाय राइटांचा खरा शोध इंजिनाचा नव्हताच. हवेत यंत्र तिन्ही अंगांनी ताब्यात कसं ठेवायचं, हे त्यांनी 1900 ते 1902 या काळात ग्लायडरवर आणि स्वतः बनवलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात शोधून काढलं. पेटंटचा अर्ज मार्च 1903 चा, म्हणजे इंजिनाचं उड्डाण व्हायच्या आधीचा.

यावरून ‘कागद राइटांना मिळाले’ हा दावा आठवा. तळपदे वारल्यावर कागद विकले, म्हणजे 1916 नंतर. राइट उडाले 1903 मध्ये. तेरा वर्षं आधी त्यांनी ते चोरले कसे, एवढं फॉरवर्ड करणाऱ्याने सांगावं.

पाऱ्याचं प्रकरण ऐकायला भारी आहे. नासाने पाऱ्यावरचं आयन इंजिन, म्हणजे पाऱ्याचे विद्युतभारित कण मागे फेकून रेटा मिळवणारं, खरंच वापरलं होतं, 1964 मध्ये आणि 1970 मध्ये अवकाशात चाचण्या झाल्या. पण 1970 च्या इंजिनाचा रेटा होता सुमारे 28 मिलिन्यूटन, म्हणजे जवळजवळ तीन ग्रॅम वजनाएवढा. निर्वात अवकाशात महिनोन्‌महिने हळूहळू ढकलायला तो पुरतो. जमिनीवरून विमान सोडा, लग्नपत्रिकासुद्धा उचलली जाणार नाही. शिवाय ‘आज तेच करते आहे’ हेही खरं नाही, कारण पारा केव्हाच मागे पडला आणि त्याची जागा झेनॉनसारख्या वायूंनी घेतली.

आणि वैमानिक शास्त्र. जानेवारी 2015 मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये त्यावरून गदारोळ झाला, तेव्हापासून हे नाव सगळ्यांना माहीत झालं. पण त्याची झडती त्याच्या चाळीस वर्षं आधी आपल्याच राज्यात, कर्नाटकात, होऊन गेली होती. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 1974 मध्ये त्या ग्रंथाचा अभ्यास छापला. ग्रंथ ऋषी भारद्वाजांच्या नावावर असला तरी तो सांगितला आनेकलच्या पंडित सुब्बराय शास्त्रींनी, आणि तोही विसाव्या शतकात. संस्कृत वैदिक नाही, अर्वाचीन आहे. आकृत्या बेंगळुरूच्या एका ड्राफ्ट्समनने काढलेल्या. त्यांतलं एकही यंत्र उडण्याजोगं नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याच अभ्यासात शास्त्रींच्या आत्मकथनाच्या आधारे आणखी एक गोष्ट नोंदली आहे: तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली विमानांच्या प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्या उडवण्यात यश आलं नाही. ज्याचा ग्रंथ पुढे करून दावा चाललाय, त्याच्याच बाजूने आलेली ही साक्ष. यावर मला जास्त बोलायचं कारण दिसत नाही.

‘मराठी म्हणून दाबलं’ हे आपल्या भागात पटकन पटतं, कारण डावललं जाण्याचा अनुभव आपल्याकडे रोजचा आहे. पाटीपासून सातबाऱ्यापर्यंत. त्या दुखण्यावर कुणी बोट ठेवलं की शहानिशा करायची राहून जाते, आणि मजकूर लिहिणाऱ्याला ते बरोबर कळतं. अभिमानच हवा असेल तर कागदोपत्री असलेला घ्या की. डिसेंबर 1940 मध्ये बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली, म्हैसूर संस्थानच्या साथीने, आणि ती उभी केली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. आजची एचएएल ती हीच. सोलापूरचा उद्योजक, कर्नाटकातला कारखाना. पण ही गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही, बहुधा तिच्यात कुणी खलनायक नाही म्हणून.

राहिली शेपटातली जाहिरात. ती सगळ्यात घातक आहे, कारण बाकीच्या मजकुराने फार तर वेळ जातो, इथे घरचे पैसे जातात.

‘कोणत्याही शाखेतून’ वैमानिक होता येत नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागत आलं आहे, पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) परीक्षा आणि 200 तासांचं उड्डाण. सहा महिन्यांची भाषा इथे चालत नाही, आणि खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. एवढी रक्कम शेत गहाण ठेवून उभी करायची असेल तर आधी पोराची डीजीसीएच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी. दृष्टीत किंवा कानात दोष निघाला तर तो पैसे भरण्याआधी निघालेला बरा.

विमान क्षेत्र म्हणजे फक्त कॉकपिट नव्हे, हे खरं तर बेळगावला इतर गावांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवं. बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, तिथेच हवाई दलाचं एअरमन प्रशिक्षण केंद्र आहे. महामार्गावर हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, एअरबससारख्या कंपनीसाठी. तिथे सीएनसीवर हात बसलेला आयटीआयचा किंवा डिप्लोमाचा मुलगा, मायक्रॉनमध्ये मोजमाप करू शकणारी मुलगी, यांना कुणाच्या रक्ताचा दाखला द्यावा लागत नाही. विमान दुरुस्तीकडे जायचं असेल तर डीजीसीएची सीएआर-147, म्हणजे विमान दुरुस्तीचं शिक्षण देणाऱ्या संस्थांना मिळणारी, मान्यता असलेली संस्थाच हवी. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. तिच्यात नाव नसेल तर तिथल्या प्रमाणपत्रावर परवान्याच्या वाटेला लागता येत नाही.

केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफसाठी विमान कंपन्या उमेदवार निवडल्यावर स्वतःच प्रशिक्षण देतात. त्याआधी कुठल्या अकॅडमीत लाखभर रुपये भरलेच पाहिजेत, अशी अट नाही. कुणी ‘नोकरीची हमी’ म्हणाला तर ती कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर, किती पगाराची, आणि नाही मिळाली तर फी किती दिवसांत परत, हे संस्थेच्या कागदावर सही-शिक्क्यासह मागा आणि तो कागद हातात येईपर्यंत अॅडव्हान्स देऊ नका.