पोर्टफोलिओ पॅकिंगच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. बडोद्याला चित्रांचं पार्सल उघडल्यावर मुलीच्या चारकोलच्या (कोळशाने काढलेल्या) एका शीटवर डाग दिसला, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल सॉरी. पण 'दोन किलोच्या पार्सलला सात किलोचे पैसे लावून लुटलं' हे जे लिहिलंय ना ते जिव्हारी लागलं. सदाशिव पेठेत वडिलांच्या काळापासून फ्रेमिंग करतोय, लूट हा शब्द आजवर कोणी वापरला नव्हता.

वजन आम्ही ठरवत नाही हो. कुरिअरवाले काट्यावरचं वजन बघतात आणि आकारावरून पण वजन काढतात, दोन्हीत जे जास्त त्याचे पैसे. ए-वन शीट साधारण 59 बाय 84 सेंटीमीटर, वर-खाली जाड कोरुगेटेड बोर्ड, कोपरे दबू नयेत म्हणून चारी बाजूंनी जागा, असं करून पार्सल झालं 95 बाय 70 बाय 5. गुणाकार करून कुरिअरच्या हिशोबाने 5000 ने भागा, 6.65 किलो येतं, त्याचे ते 7 धरतात. हेच गणित काउंटरवर कागदावर करून दाखवलं होतं, तेव्हा तुमचा फोन चालू होता. पावती कुरिअरचीच दिलीये, त्यात आमचा एक रुपया नाही.

पाइपमध्ये रोल करून बरंच स्वस्तात गेलं असतं, पण पोस्टर कलरचा जाड थर गुंडाळला की तडकतो हे ऐकून तुम्हीच 'फ्लॅटच करा' म्हणालात.

आणि डागाचं. प्रत्येक शीटवर ग्लासिन पेपर (गुळगुळीत, पातळ कागद) घातला होता, बबल रॅप फक्त बाहेरून, कारण तो थेट रंगावर आला की गोल ठसे उठतात. फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) मारलंय का विचारलं तर मुलगी म्हणाली हेअर स्प्रे मारलाय. (तिला रागावू नका, सगळीच मुलं मारतात, पण त्याने चारकोल नीट धरत नाही आणि पुढे कागद पिवळा पडतो.) मी म्हटलं फिक्सेटिव्हचे दोन हलके हात देतो, पावसाळी हवा आहे, रात्रभर वाळू दे, उद्या पाठवू. तुम्ही म्हणालात सबमिशनची तारीख जवळ आलीये, आजच जाऊ दे. गेलं.

कुरिअरचे रेट लिहून काउंटरला लावायचा विचार चाललाय, चारकोलच्या कामाचं पण काहीतरी बघतो. मुलीचं मंडईचं स्केच मात्र झकास होतं, तिला नक्की सांगा. आणि त्या एका स्टारचं जमलं तर बघा.